वावरवाले भाऊ, तुमच्या कमेंटबद्दल

भाऊ, कमेंट वाचली. लॉन आणि क्रिकेटच्या मैदानाची निगा शिकणाऱ्या आमच्या पोरांना सिम्युलेशनवर, म्हणजे संगणकातल्या नकली मैदानावर, शिकवतो, परीक्षाही त्यावरच घेतो, या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: "एसीत बसून माऊस हलवणाऱ्या मास्तरले हरळी काय समजते? काळ्या मातीचं गणित आहे का त्या प्रोग्राममध्ये? अन् लाइट गेली तर? मार्क तरी काहून देता त्यावर?"

प्रश्न विचारा ना, कोण नाही म्हणतं. पण ही कोणती पद्धत? ओळख ना पाळख, सरळ एसीत बसवून मोकळे.

एसी कुठला बाप्पा! लॅबमध्ये एक कूलर आहे, मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की तोही गरम हवाच फेकतो. अन् हरळीचं म्हणाल तर मी कास्तकाराच्या घरातला आहे. पऱ्हाटीत डवरा हाकलाय, वखरणीनंतर हरळीच्या काशा वेचून धुऱ्यावर जाळल्यात, एक काशी राहिली तरी पुढच्या पावसात परत हजर, हे मला पुस्तकातून कळलं नाही. आता तेच गवत पोरांना जगवायला शिकवतो म्हणून घरी अजून हसतात, ते वेगळं. हे सगळं लेखात टाकलं नाही कारण लेख माझ्यावर नव्हता. तुम्ही मात्र माझ्यावरच लिहिलं.

आणि सुरुवातीला मी सगळं प्रत्यक्षच शिकवत होतो हो. एका शाळेनं मैदान दिलं, तिथं एका पोरानं भर दुपारी ओंजळी भरभरून युरिया फेकला, वरून पाणी नाही, पट्टेच्या पट्टे करपले. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे चौरस मीटरला 5 ग्रॅम नत्र द्यायचं तर युरिया 11 ग्रॅमच लागतो, हे फळ्यावर त्याला पाठ होतं. पण हाताला कुठं माहीत? शाळेनं त्यानंतर मैदान दिलं नाही, अन् मी मागायलाही गेलो नाही. आता तोच घोळ पोरं स्क्रीनवर घालतात. 50 मिलिमीटर वाढलेलं गवत एका कापणीत 20 वर आणतात, एका वेळी एक तृतीयांशाच्या वर कापू नये हे विसरतात, पुढच्या तारखेला मैदान पिवळं. मग शिव्या देत पुन्हा पहिल्यापासून. अख्खा उन्हाळा अन् पावसाळा एका दुपारी होतो, कोणाचं मैदान जळत नाही.

पाण्याचंही तसंच. 70 मीटर त्रिज्येच्या मैदानाला 5 मिलिमीटर पाणी म्हणजे जवळपास 77 हजार लिटर. पोरगं बिनधास्त "रोज 5" असं टाकतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रोग्राम सांगतो टाकी रिकामी. एप्रिलमध्ये विहिरीचा तळ पाहिलेली पोरं आहेत ही, त्यांना लगेच उमजतं. आता सांगा, हे एसीतलं शिक्षण आहे का?

एक मान्य. "मातीत हात न घालता" हे शीर्षक जरा भडक झालं होतं, बदललंय. मशीन चालवायला पोरं मैदानावर जातातच, तेही लेखात होतं, पण तिथवर वाचायला धीर लागतो.

बाकीचं काय, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. काळी माती फुगते, भेगाळते हे विदर्भात कोणाला शिकवायचं? प्रोग्राममधलं मैदान 30 सेंटिमीटर वाळू अन् खाली खडीचा थर असलेलं आहे, काळ्या मातीचं पाण्याचं गणित त्याहून वेगळं, ते त्यात नाही, पण तेवढ्यावर सध्या काम चालतं. अन् मार्क काहून, तर कोणी कधी काय निर्णय घेतला याची नोंद राहते म्हणून. माऊस हलवण्याला मार्क नाहीत.

एवढं पटत नसेल तर शनिवारी या, पोरांसोबत बसा, मे महिन्याची फाइल उघडून देतो. गवत वाळलं तर तुमचे मार्क इथं टाकणार नाही, तेवढी सभ्यता आहे आपल्यात.