कोडी सुटतात, पण कट्टाही सुटला त्याचं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचली. रागावून लिहिलीत, पण वडिलांच्या काळजीपोटी लिहिलीत हे कळतं, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. म्हातारपणी मेंदू तल्लख कसा राहील यावरच्या लेखात मी कानांवर पानभर लिहिलं आणि शब्दकोडी, सुडोकू, पाठांतर चार ओळींत उरकलं, हे ताईंना खटकलं. त्यांचे वडील ७८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. पेपरातलं कोडं चहा संपायच्या आत पुरं करतात, गीतेचे अध्याय तोंडपाठ. ऐकू थोडं कमी येतं, पण ते वयाप्रमाणे सगळ्यांचंच होतं. त्यासाठी कानात मशीन घालायला सांगणं म्हणजे मशीनवाल्यांची जाहिरात, आणि मी दाखला दिला त्या अमेरिकेतल्या चाचणीत तर ‘फरक पडला नाही’ असंच निघालं होतं, असं त्यांचं म्हणणं.

आधी चाचणीचंच घेते, कारण तो आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. ही ‘अचीव्ह’ चाचणी २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. तिच्यात ७० ते ८४ वयाची, कमी ऐकू येणारी ९७७ माणसं होती. साधारण निम्म्यांना मशीन आणि ते वापरायला शिकवणाऱ्या श्रवणतज्ज्ञाची मदत मिळाली, बाकीच्यांना आरोग्यावरचं मार्गदर्शन. तीन वर्षांनी सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा दोन्ही गटांच्या स्मरणात आणि विचारशक्तीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण ही माणसं दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आली होती. ७३९ जण स्वतःहून पुढे आलेले, तब्येतीने ठणठणीत. उरलेले २३८ जण हृदयविकारावरच्या एका जुन्या अभ्यासातले. त्यांचं वय जास्त, शिक्षण आणि उत्पन्न कमी, मधुमेह-रक्तदाबाचं प्रमाण अधिक. या २३८ जणांत ज्यांना मशीन मिळालं त्यांच्या स्मरणाची आणि विचारशक्तीची घसरण तीन वर्षांत, मशीन न मिळालेल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी कमी झाली. हे दोन गट वेगळे करून बघायचं हे निकाल हाती येण्याआधीच ठरलेलं होतं. ठणठणीत मंडळींची घसरण मुळातच इतकी मंद होती की तीन वर्षांत त्यांच्यात रोखण्यासारखं फार काही नव्हतं.

एवढ्यावरून ‘मशीन घातलं की डिमेन्शिया (स्मरण आणि समज हळूहळू ढासळत जाण्याचा आजार) टळतो’ असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मी तसं लिहिलेलं नाही. धोका जास्त असलेल्या माणसाला फायदा होण्याची शक्यता जास्त दिसते, एवढंच माझं म्हणणं. आणि आपल्याकडे साठी उलटल्यावर बीपीची किंवा साखरेची गोळी नसलेलं घर शोधावं लागतं.

आता कोड्यांकडे येते. ती मला आवडतात, आणि वडिलांचा तो आनंद कुणी हिरावून घेऊ नये. पण कोडी सोडवून माणूस मुख्यतः कोडी सोडवण्यात तरबेज होतो. ‘अॅक्टिव्ह’ नावाच्या अमेरिकी चाचणीत २८३२ ज्येष्ठांना वेगवेगळे सराव दिले होते. २००२ मध्ये निकाल आला तो असा: स्मरणाचा सराव केलेल्यांचं स्मरण सुधारलं, तर्काचा केलेल्यांचा तर्क, आणि एकाचा फायदा दुसऱ्याला फारसा झाला नाही. (पटकन बघून पटकन ओळखण्याच्या सरावाचे निकाल पुढे काहीसे आशादायक आले, पण तो कोड्यांपेक्षा अगदी निराळा प्रकार आहे.) आणखी एक गोष्ट अशी की शब्दसंग्रह उतारवयात बराच उशिरापर्यंत टिकतो. आधी मंदावतो तो वेग, नवं शिकणं, एका वेळी दोन गोष्टी डोक्यात धरणं. भाषा शिकवण्यात किंवा वाचण्यात हयात गेलेल्या माणसाला कोडं सुटतं यावरून बाकी सगळंही जागच्या जागी आहे असं धरून चालता येत नाही. पाठांतराचंही तेच. पाठ असलेले अध्याय म्हणण्यापेक्षा एखादा नवा अध्याय पाठ करायला घेतला तर कस लागेल. वडिलांना हे सुचवून बघा, शिक्षक आहेत, नाही म्हणणार नाहीत.

पण तुमच्या प्रतिक्रियेतल्या एका वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. तुम्ही लिहिलंय, ‘बाबा हल्ली कट्ट्यावरही जात नाहीत, तिथे सगळे एकदम बोलतात म्हणून घरीच शांतपणे कोडी सोडवत बसतात.’ तुम्ही ते त्यांच्या एकाग्रतेचं उदाहरण म्हणून दिलंत. मला मात्र त्यात त्यांचे कान दिसले.

वयाबरोबर ऐकू कमी होतं ते सगळ्या आवाजांचं सारखं होत नाही. आतल्या कानातल्या सूक्ष्म पेशींपैकी उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस, ते शाबूत राहतात. स, श, फ, ख, थ अशी व्यंजनं विरून जातात. ‘सात वाजता’ म्हटलेलं ‘आठ वाजता’ वाटतं, ‘सून आली’चं ‘ऊन आलं’ होतं. म्हणून ही माणसं ‘ऐकू येत नाही’ असं म्हणतच नाहीत, ‘तुम्ही नीट बोलत नाही, तोंडातल्या तोंडात बोलता’ म्हणतात. त्यांच्या बाजूने ते खरंच असतं. एकटा माणूस समोर बसून बोलत असेल तर ओठ बघून, संदर्भ लावून निभतं. चारजण एकदम बोलले, त्यात रस्त्यावरच्या रिक्षा, की सगळा गोंधळ. मग माणूस दोन-तीनदा ‘काय?’ विचारतो, पुढे नुसती मान डोलावतो, हसायच्या वेळी इतरांबरोबर हसतो आणि एक दिवस जायचंच बंद करतो. घरच्यांना वाटतं, वयाप्रमाणे शांत झाले.

मेंदूवर याचा परिणाम कसा होत असावा याबद्दल संशोधकांचे मुख्य अंदाज तीन. अर्धवट शब्द जुळवण्यातच मेंदूची ताकद खर्ची पडते आणि लक्षात ठेवायला उरत नाही. आवाजच कमी पोचल्याने मेंदूच्या त्या भागांना काम कमी पडतं. आणि माणसं तुटतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या फ्रँक लिन यांनी २०११ मध्ये ६३९ जणांचा अभ्यास मांडला होता. ज्यांचा बहिरेपणा थोडा त्यांच्यात पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम असलेल्यांत तिप्पट, तीव्र असलेल्यांत पाचपट दिसला. हा संबंध झाला, कारण सिद्ध झालं असं नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

‘हे सगळं गोऱ्या लोकांचं’ असंही तुम्ही म्हणालात. मग आपल्याकडचं सांगते. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाचे ६४८ रुग्ण अभ्यासले, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही हा फरक होता. मला हे फार मोलाचं वाटतं. घरी एक भाषा, बाजारात दुसरी, शेजारणीशी तिसरी, असं बोलत राहणं हाच मेंदूचा व्यायाम असेल, तर तो करायला समोर माणूस हवा आणि त्याचं बोलणं कानावर पडायला हवं. भजनी मंडळ, भिशी, हास्यक्लब, सगळ्यांनाच हे लागू आहे.

मशीनबद्दल तुमची धास्ती मला समजते. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनीही ते आधी कपाटातच ठेवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांना नळाचं पाणी, पेपरची सळसळ, ताटवाट्यांचा खणखणाट असह्य झाला, स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटला. हे बहुतेकांना होतं, कारण मेंदूची त्या आवाजांची सवय मोडलेली असते. सुरुवातीला दिवसातून थोडा वेळ, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना वापरायचं आणि हळूहळू वाढवायचं. श्रवणतज्ज्ञाकडे परत जाऊन आवाज जुळवून घ्यावा लागतो, एकदा विकत आणून काम होत नाही. आता आई फोनवर बहिणीशी स्वतः बोलतात, मध्ये कुणी सांगणारं लागत नाही.

जाहिरातीचा आरोप मात्र मला मान्य नाही. लेखात एकाही कंपनीचं नाव नव्हतं, आताही देणार नाही. दुकानात जायचंच नाही आधी. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कित्येकदा नुसता मळ घट्ट बसलेला असतो, तो काढला की बराच फरक पडतो. घरी काडी, पिन, गरम तेल यातलं काही करू नका. मग श्रवणचाचणी. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते. गरीब ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तिच्यात श्रवणयंत्रही येतं. मशिनच्या किमती काही हजारांपासून लाखांपर्यंत असतात. महागडंच हवं असं नाही, नीट जुळवलेलं हवं.

‘शेवटी नशिबात असेल ते होतं’ या तुमच्या वाक्याशी मी अर्धी सहमत आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मोजली. कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, वाढलेलं कोलेस्टेरॉल, उपचार न केलेली अधू नजर ही त्यातली काही. ही चौदाही मिळून डिमेन्शियाच्या सुमारे ४५ टक्के रुग्णांमागे असावीत, असा त्यांचा अंदाज. म्हणजे निम्म्याहून जास्त आपल्या हातात नाही. सगळं नीट करूनही ज्यांच्या घरात हा आजार आला त्यांनी स्वतःला दोष देऊ नये, हे मी मनापासून लिहिते आहे. पण उरलेल्या वाट्यात जे सहज करता येतं ते का सोडायचं?

तर तपासणीला जाल तेव्हा नुसत्या पिपाणीसारख्या आवाजांची चाचणी करून थांबू नका, मराठी शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावणारी चाचणीही करा म्हणावं. वडिलांची खरी अडचण तिथेच कळेल. तोवर त्यांच्याशी बोलताना टीव्ही बंद करा, आधी हाक मारून लक्ष वेधा, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं समोर बसा. ओरडू नका. या बहिरेपणात हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज टोचतो, म्हणून तर ‘मोठ्याने बोल’ म्हणणारा माणूस पुढच्याच क्षणी ‘ओरडतेस कशाला’ म्हणतो. नेहमीच्याच आवाजात, सावकाश बोला. आणि चाचणीचा आलेख हाती आला की दोन्ही कानांचे आकडे इथेच खाली लिहा, तो कसा वाचायचा ते मी सांगते.