हौदातलं हिरवं पाणी म्हणजे स्पिरुलिना नव्हे, मामा!

गेल्या रविवारी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात मामांच्याकडं गेले होते, सकाळी परसात बघते तर मामा म्हशींच्या हौदातनं तांब्याभर हिरवंगार पाणी काढून, फडक्यातनं गाळून, घटाघटा प्यायलेत. मी ओरडलेच, "मामा, काय पिऊलाय हे?" तर म्हणतात, "शुगरला चांगलं असतंय गं, तू लॅबमधली असून तुला ठावं नाही?" आणि मोबाईल पुढं केला. तोच मेसेज, जो गेले दोन आठवडे आमच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मराठीत 'शेवाळ' म्हणून आणि कन्नडमध्ये 'पाची' म्हणून, मजकूर सेम टू सेम. बाकी कशात इथं दोन्ही भाषांचं एकमत होत नाही, यात मात्र झालं बघा.

ज्यांना आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: हिरवं पाणी म्हणजे फुकटचं स्पिरुलिना (दुकानात मिळते ती हिरवी पौष्टिक पावडर), रोज एक पेला प्या, शुगर पळते. मलेरियाचा जंतू मुळात शेवाळच आहे, म्हणून शेवाळाचं पाणी पिणं म्हणजे मलेरियाची लस. माणूस शेवाळापासूनच झाला म्हणून ते अंगाला मानवतं. ऑक्सिजन शेवाळ देतं, झाडांचं उगाच कौतुक. नासा अंतराळवीरांना हेच खायला घालते. आणि शेवटी अर्थातच, अकरा जणांना पाठवा.

पहिल्यापासून घेते कारण जीव जायचा तो यातच जाईल. स्पिरुलिना हे शेवाळसुद्धा नाही, तो बॅक्टेरिया आहे, प्रकाशावर स्वतःचं अन्न बनवणारा. सोडा मारल्यासारख्या खारट पाण्यात तो खुशीत वाढतो, आफ्रिकेत चाड सरोवराकाठचे लोक तो वाळवून वड्या करून पिढ्यान्‌पिढ्या खातात, आपल्या मैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेतही त्यावर बरीच वर्षं काम झालंय. पण तो वाढवतात म्हणजे निवडलेलं बियाणं, ठरलेलं पाणी, रोजची तपासणी. मामांच्या हौदात शेण पडतं, वरच्या उसाच्या रानातला युरिया पावसात वाहून येतो, त्यावर जे येईल ते येतं. बहुतेक वेळा निरुपद्रवी हिरवी शेवाळं असतात, हे मान्य. पण त्याच हिरव्या रंगात मायक्रोसिस्टिस नावाचा बॅक्टेरियाही असतो, स्पिरुलिनाचाच लांबचा भाऊबंद, आणि त्याचे काही वाण मायक्रोसिस्टिन नावाचं विष करतात जे थेट लिव्हरवर जातं. नुसत्या डोळ्यानं दोन्ही सारखेच दिसतात. मायक्रोस्कोपखाली मायक्रोसिस्टिस कळतो, पण तो विषारी वाणाचा आहे का हे तिथंही दिसत नाही.

विष म्हणजे किती विष? ब्राझीलमध्ये कारुआरू म्हणून शहर आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका डायलिसिस सेंटरला टँकरनं तलावाचं पाणी आलं, नीट शुद्ध न केलेलं. १३० पैकी ११६ पेशंटना उलट्या, डोळ्यापुढं अंधारी. १०० जणांचं लिव्हर फेल. डिसेंबरपर्यंत ७६ जण गेले, त्यातले ५२ मृत्यू याच विषामुळं असं नक्की धरलं. हे कुणाच्या काकांनी सांगितलेलं नाही, १९९८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलंय. आता कुणीतरी म्हणणारच की ते डायलिसिस होतं, पाणी रक्ताला भिडलं, पिण्याची गोष्ट वेगळी. बरोबर आहे, पिऊन इतक्या लवकर माणूस मरत नाही. पण मग जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात या विषाची मर्यादा लिटरमागं १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतकी बारीक कशाला ठेवली असेल? आणि जनावरांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात एका तळ्याचं असलंच पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री मेल्याची नोंद १८७८ सालची आहे. तेव्हा मामा, हौद म्हशींसाठी पण घासा.

"मी उकळून पितो की!" उकळून काही होत नाही. पेशी फुटतात आणि आतलं विष उलट पाण्यात उतरतं. २०१४ मध्ये अमेरिकेत टोलेडो शहराच्या नळाला हे विष आलं तेव्हा लाखो लोकांना पाणी पिऊही नका आणि उकळूही नका असं सांगावं लागलं. फडक्यानं गाळणं म्हणजे तर साखर विरघळलेला चहा गाळून बिनसाखरेचा करणं. आणि शेजारच्या आण्णांनी सुचवलेलं मोरचूद? १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पाम आयलंडवर पाण्याच्या धरणात नेमकं तेच टाकलं, शेवाळ मेलं आणि त्याच्यातलं, दुसऱ्या जातीचं, विष एकदम सुटलं, १४८ लोक आजारी, त्यातली बहुतेक लहान पोरं.

आता मलेरिया. इथं मात्र दात-ओठ खाऊन अर्धं कबूल करावं लागतंय, कारण ज्यानं कुणी हे लिहिलं त्यानं कुठंतरी काहीतरी खरं वाचलंय. मी रोज रक्ताच्या स्लाइडी बघते, तांबड्या पेशीत निळी अंगठी आणि तिच्यावर लाल खडा, तसा दिसतो तो जंतू. त्याच्या पोटात एक चिमुकला अवयव असतो जो आमच्या त्या साध्या स्लाइडवर ओळखू येत नाही, अ‍ॅपिकोप्लास्ट. हा म्हणजे झाडाच्या पानात जे हरितद्रव्याचे कण असतात त्यांचा पार कोमेजलेला नातलग. फार फार पूर्वी या जंतूच्या पूर्वजानं लाल शेवाळाच्या गोतातली एक पेशी गिळली आणि पचवायची राहिली, ती आतच नांदली. पुढं उन्हाची गरज संपली, रंग गेला, पण काही चरबी आणि इतर रसायनं बनवायचं काम अजून तिच्याकडंच आहे. १९९६ मध्ये हा अवयव पक्का सापडला. सिडनीच्या बंदरातल्या पोवळ्यात तर या जंतूचा अजूनही उन्हावर जगणारा चुलतभाऊ मिळाला, २००८ मध्ये त्याचं नाव ठेवलं क्रोमेरा. डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी मलेरियावर चालते ती याच अवयवाला मारून. मला तर हे सगळं जंतूंच्या जगातलं सगळ्यात भारी प्रकरण वाटतं.

पण म्हणून लस? कुणाचा खापरपणजोबा वाणी होता म्हणून आज त्याच्या दारात उधारीवर गूळ मागायला जाल काय? लस शरीराला शत्रूचा चेहरा दाखवते. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट जी आर-२१ नावाची मलेरियाची लस बनवते तिच्यात डासातनं येणाऱ्या जंतूच्या अंगावरच्या एका प्रोटीनचा तुकडा आहे. हौदातल्या शेवाळावर ते प्रोटीन नाहीच, मग शरीर ओळखणार कुणाला? उलट हौदात डासांच्या अळ्या मात्र होत्या, मी बघितल्या.

माणूस शेवाळापासून झाला, हे तर धडधडीत खोटं. मुळात शेवाळ हे एक घराणंच नाही, लग्नाच्या मांडवात 'पाहुणे' म्हणतो तसं आहे, कोण कुणाचं ते विचारू नका. समुद्रातलं तपकिरी शेवाळ हिरव्या शेवाळापेक्षा मलेरियाच्या जंतूला जवळचं आहे. अथणीकडच्या द्राक्षवाल्यांची झोप उडवणारा डावणी रोगाचा जंतू, तोही त्या तपकिरी शेवाळाच्याच भावकीतला. आपलं गोत भलतीकडं, अळंबीच्या बाजूला.

ऑक्सिजनचं अर्धं खरं. पृथ्वीवरचं साधारण निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रातलं प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) करतं. निम्मं, सगळं नाही, आणि समुद्रातलं, हौदातलं नाही. तळ्यात शेवाळ जास्त माजलं तर रात्री तेच ऑक्सिजन खातं आणि पहाटे मासे तरंगतात. नासाचं म्हणाल तर प्रयोग झालेत, पण स्पिरुलिनावर, हौदावर नव्हे.

शुगरबद्दल काय बोलू. मामांना एवढंच सांगितलं की गोळी चुकवू नका, आणि पुढच्या आठवड्यात लिव्हरची टेस्ट करून घ्यायला बेळगावला या. "खरं, बरं वाटूलंय गं मला," म्हणाले. हौद मात्र संध्याकाळी त्यांनी नि मामींनी मिळून घासला.

आता एक काम करा. मी कन्नड बोलते फाडफाड, पण लिहायला बसले की जोडाक्षरात अडकते. कुणाला जमत असेल तर हे कन्नडमध्ये लिहून द्या, 'पाची'वाला मेसेज मामांच्या शेजारच्या गल्लीत अजून फिरूलाय.