ज्यूंनी चित्रे काढलीच नाहीत, हे म्हणणे पुराव्यावर टिकत नाही

‘मूर्ती करू नये’ या आज्ञेमुळे ज्यू समाजाने चित्रकलेकडे पाठ फिरवली, त्यांच्या प्रार्थनास्थळांच्या भिंती कोऱ्याच राहिल्या आणि बायबलमधील कथा चित्रांत उतरवल्या त्या ख्रिस्ती कलावंतांनीच, असा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. त्यातील एकही विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

आधी आज्ञेचा विचार करू. बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात मूर्ती घडवण्याची आणि तिला नमन करण्याची मनाई लागोपाठ येते. मात्र त्याच ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात कराराच्या कोशावर (देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी) सोन्याचे दोन पंखधारी करूब, म्हणजे देवदूतासारखे स्वर्गीय जीव, घडवण्याचा आदेश आहे. शलमोनाच्या मंदिरातील धातूचा प्रचंड हौददेखील बारा बैलांच्या मूर्तींवर उभा होता. रोख होता तो पूजेवर. तिसऱ्या शतकात लोक भिंतींवर चित्रे काढू लागले तेव्हा रब्बी (ज्यू धर्मगुरू) योहानान यांनी त्यांना अडवले नाही, अशी नोंद जेरुसलेम तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात आढळते.

कोऱ्या भिंतींच्या दाव्याला सर्वांत ठोस उत्तर सीरियात, युफ्रेटिसच्या काठावरील दुरा-युरोपोस येथे मिळाले. तेथील सिनेगॉगची (ज्यू प्रार्थनास्थळाची) पुनर्बांधणी इ. स. 244-45 मधील असल्याचे त्यातील लेखावरूनच कळते. पुढे दहा-बारा वर्षांतच इराणच्या ससानी साम्राज्याच्या सैन्याचा वेढा पडणार असे दिसताच रोमन सैनिकांनी तटबंदी भक्कम करण्यासाठी लगतच्या इमारती मातीने भरून टाकल्या, आणि त्या भरावामुळेच 1932 मध्ये उत्खननात ही चित्रे रंगांसह हाती आली. नाईल नदीतून उचललेला बाळ मोशे, दुभंगलेला समुद्र, दाविदाला अभिषेक करणारा शमुवेल, एस्तेर आणि मर्दखय, यहेज्केलाच्या दृष्टान्तातील सजीव होणारी हाडे अशा प्रसंगांनी भिंती व्यापलेल्या आहेत, आणि तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी ठेवण्याच्या कोनाड्यावर इसहाकाच्या बलिदानाचा प्रसंग आहे. त्याच गावात, त्याच काळातील एक ख्रिस्ती प्रार्थनागृहही सापडले. तेथेही चित्रे आहेत, परंतु सिनेगॉगमधील चित्रमालेचा विस्तार त्यांच्याहून कितीतरी मोठा आहे. एवढी सुघड योजना पहिल्याच प्रयत्नात साधली असेल, असे मला वाटत नाही.

‘दुरा हा अपवाद’ हा बचावही चालत नाही. गॅलिलीच्या दक्षिणेस बेथ अल्फा येथील सहाव्या शतकातील सिनेगॉगच्या फरशीवर बारा राशी, मध्यभागी रथारूढ सूर्य आणि इसहाकाचा प्रसंग मोझेकमध्ये रेखलेला आहे. मारियानोस आणि त्याचा मुलगा हनिना या कारागिरांची नावेही तेथे मोझेकमध्येच लिहिलेली आहेत.

या दाव्यात एक सत्यांश आहे, तो नाकारू नये. येशूच्या आसपासच्या काळात यहूदियात प्राणी व माणसे चितारण्याबाबत कडक संयम होता, आणि मध्ययुगातही काही ठिकाणी तो दिसतो: सुमारे 1300 च्या जर्मन प्रदेशातील एका हगादेत (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकात) माणसांना पक्ष्यांची डोकी आहेत. परंतु चौदाव्या शतकात स्पेनमध्ये तयार झालेल्या साराएव्हो हगादेत सृष्टीच्या निर्मितीपासून मोशेच्या मृत्यूपर्यंतची कथा मानवी चेहऱ्यांसह रंगवलेली आहे. तिची शैली शेजारच्या ख्रिस्ती चित्रशाळांशी जुळते हे खरे. मात्र ते पुस्तक ज्यू कुटुंबात वल्हांडणाच्या रात्री वाचण्यासाठीच होते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या बेने इस्राएलांच्या (महाराष्ट्रातील मराठीभाषक ज्यूंच्या) मराठी हगादेत बेखमीर भाकरी करणाऱ्या लुगडे नेसलेल्या स्त्रियांचे चित्र आहे.