आधी निजामाचा नकाशा पाठ करा

चित्रपट व्यवसायाच्या व्यवस्थापनाची पदविका घेण्याचा तुमचा निर्णय अभिनंदनीय आहे. नट व्हायला चेहरा लागतो, दिग्दर्शक व्हायला निदान डोक्यात एखादी गोष्ट लागते, व्यवस्थापक व्हायला मात्र प्रवेशशुल्क पुरते. ते भरण्यासाठी वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले असतील, तर दुसऱ्याच्या पैशावर उभे राहण्याचा या धंद्यातला पहिला धडा तुम्ही वर्गात पाऊल टाकण्याआधीच गिरवला आहे.

सुरुवात बहुधा दादासाहेब फाळके यांच्यापासून होईल. तसबिरीला हार घालावा आणि त्यांच्यासारखे काहीही करू नये, कारण व्यवस्थापनाच्या कसोटीवर हा गृहस्थ साफ नापास आहे. 1912 साली लंडनला जाण्यासाठी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात झळकला तोवर प्रेक्षकांची एकही पाहणी झालेली नव्हती. पुढे नाशिकला भांडवलदार भागीदार मिळाले, हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली, म्हणजे अखेर व्यवस्थापन आले. आणि थोड्याच काळात भागीदारांशी बिनसून फाळके काशीला जाऊन नाटक लिहीत बसले. हा प्रसंग तुम्हाला ‘संस्थापकांचे आडमुठे वर्तन’ या प्रकरणात शिकवला जाईल. भांडवलदारांच्या वर्तनावर प्रकरण नसते.

यानंतर भूगोल. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले, या शाळेत शिकलेल्या गोष्टी कृपया विसराव्यात. हिंदी चित्रपटांच्या वितरणात मराठवाडा आजही ‘निजाम’ टेरिटरीत, म्हणजे वितरकांनी आखलेल्या त्या नावाच्या विभागात मोडतो, विदर्भ इंग्रजी अमलातल्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या ‘सी.पी. बेरार’मध्ये, आणि मुंबई टेरिटरीत गोव्यासह सबंध गुजरात सुखाने नांदतो. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे सरकारदरबारी बदलली, वितरकाच्या वहीत मात्र दोन्ही शहरे निजामाकडेच आहेत. परीक्षेत हा नकाशा बिनचूक काढता आला तर तुम्ही हुशार ठराल. तो असा का, हे विचारलेत तर नोकरी मिळणे अवघड आहे.

आता गणित, आणि इथे थोडे थांबावे लागेल. मल्टिप्लेक्सच्या खिडकीवर एका कुटुंबाने माणशी 236 रुपये मोजले, असे धरा. त्यातले 36 रुपये, म्हणजे 18 टक्के, जीएसटीत जातात आणि 200 उरतात. 2009 साली हिंदी निर्मात्यांनी सुमारे दोन महिने नवे चित्रपट रोखून धरल्यावर जी वाटणी ठरली, तिच्यानुसार निर्माता-वितरकांच्या बाजूला पहिल्या आठवड्यात निम्मे, दुसऱ्यात 42.5 टक्के, तिसऱ्यात 37.5 टक्के आणि त्यानंतर 30 टक्के येतात. म्हणजे पहिल्या आठवड्याचे 100 रुपये. त्यातून वितरक आपले कमिशन घेणार, ते दहा टक्के धरले तर 90 राहिले. शिवाय प्रसिद्धीचा खर्च त्याने केला असेल तर तो आधी वळता होणार, आणि डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क आहेच. मध्यंतरात त्याच कुटुंबाने पॉपकॉर्नवर तिकिटांइतकेच पैसे उधळले, तरी त्यातला एक दाणाही निर्मात्याचा नाही. या वाटणीतले खरे सौंदर्य मराठी चित्रपटाच्या बाबतीत उमलते. त्याची बहुधा मोठी जाहिरात नसते, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून पसरतो, आणि शेजारीपाजारी बोलू लागेपर्यंत दुसरा शुक्रवार उजाडलेला असतो. तेव्हा वाटा घटलेला असतो आणि उरलेला एकमेव शो सकाळी सव्वादहाचा असतो. मराठी चित्रपटाला प्राइम टाइम द्यावा असे शासनाने 2015 साली बजावले, त्यावर बराच खल होऊन प्राइम टाइम दुपारी बारापासून सुरू होतो असा शोध लागला. वेळेचे व्यवस्थापन म्हणतात ते हेच.

भांडवल उभारणीच्या तासाला झोप काढली तरी चालेल. चित्रपटसृष्टीला 1998 साली उद्योगाचा दर्जा मिळाला आणि बँकांचे दरवाजे उघडले, हे वाक्य उत्तरपत्रिकेत अवश्य लिहावे. प्रत्यक्षात तुमची गाठ महिन्याच्या दराने व्याज लावणाऱ्या सावकाराशी पडण्याचीच शक्यता अधिक. रिळांच्या काळात तो प्रयोगशाळेकडून पत्र लिहून घेई, की माझे पैसे फिटल्याशिवाय प्रिंट बाहेर पडणार नाही. आता रिळे गेली. गुरुवारी रात्री चित्रपट थिएटरच्या सर्व्हरवर पोहोचलेला असतो, पण तो उघडण्याची डिजिटल किल्ली अडकून बसते, आणि निर्माता, त्याचा मेहुणा व तुम्ही असे तिघे कुणाच्या तरी कार्यालयाबाहेरच्या बाकावर ना-हरकत पत्राची वाट पाहत बसता. तंत्रज्ञानाने केवढी क्रांती केली!

एवढे सगळे आत्मसात करून तुम्ही पहिल्या नोकरीत रुजू झालात, की शनिवारी सकाळी फोन येईल: नाशिकच्या शोला चार तिकिटे गेली आहेत, प्रेक्षक नाहीत म्हणून शो रद्द होतोय. अशा वेळी गोंधळून न जाता निर्मात्याच्या कार्डावर तीस-चाळीस तिकिटे काढावीत, ती त्याच्या गावच्या मंडळात वाटावीत, आणि ‘हाऊसफुल्लकडे वाटचाल’ अशी पाटी समाजमाध्यमांवर झळकवावी. प्रत्येक तिकिटाला 236 रुपये जातात आणि, सगळे सुरळीत पार पडले तर, 90 रुपये काही महिन्यांनी परत येतात. मधले 146 रुपये ‘प्रसिद्धी’ या शीर्षाखाली दाखवावेत.