माणकी आणि चार समीकरणे

जीवशास्त्र आवडते म्हणून ते घेणारे असतात, तसे गणित टळते म्हणून घेणारेही असतात, आणि फोंड्याला अकरावीत प्रवेश घेताना मी या दुसऱ्या पंथाची निष्ठावंत अनुयायी होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून मी पुढे जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या एम.टेक.कडे वळले, तेव्हा शेजारचे काका बंद पडलेला इन्व्हर्टर घेऊन आले आणि "बाय, आता तू इंजिनिअर, जरा बघ गो," म्हणाले. एवढा विश्वास मला एम.टेक.च्या प्रवेशासाठी दिलेल्या ‘गेट’ परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेने कधी दाखवला नव्हता. तीन तासांत 65 प्रश्न सोडवायचे आणि पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरची बटणे माउसने एकेक करून दाबायची. त्यात शरीररचनेचा प्रश्न आला की सासरच्या गर्दीत माहेरचे माणूस दिसल्यासारखे होई.

खरी कसोटी मात्र प्रवेशानंतर सुरू झाली. आम्ही जीवशास्त्रवाले अपवादांवर पोसलेले. सस्तन प्राणी पिल्लांना जन्म देतात असे लिहून प्लॅटिपसच्या अंड्यांचा उल्लेख राहिला, तर आम्हाला झोप लागत नाही. इथे सर फळ्यावर पहिलीच ओळ लिहितात, "हे सर्व नगण्य मानू," आणि त्या ‘सर्व’मध्ये माझ्या टिपणांच्या वह्याच्या वह्या वाहून जातात. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑटो फ्रांक यांचे धमन्यांतल्या रक्तप्रवाहाचे 1899 चे प्रतिमान विद्युत परिपथाच्या भाषेत मांडले, तर सगळे धमनीजाल विद्युतभार साठवणाऱ्या एका कपॅसिटरात आणि प्रवाह अडवणाऱ्या एका रेझिस्टरात मावते. ज्या धमन्यांच्या शाखा-उपशाखा मी रात्री जागून पाठ केल्या, त्यांची तिथे साधी हजेरीही लागत नाही, आणि जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की, दोन ठोक्यांच्या मध्ये रक्तदाब कसा उतरतो, हे त्यातून बऱ्यापैकी बरोबर निघते.

हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तर 1952 मध्ये स्क्विड या समुद्री जीवाच्या, म्हणजे आपल्या माणकीच्या जातभाईच्या, जाडजूड चेतातंतूतला विद्युतसंदेश चार अवकल, म्हणजे बदलाचा वेग सांगणाऱ्या, समीकरणांत बसवला आणि 1963 मध्ये त्यासाठी नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. सुट्टीत घरी आले असता हे मी मोठ्या अभिमानाने आईला सांगितले. ती माणक्या साफ करत होती. "त्या चारांत शाईची पिशवी कुठे येते?" तिने विचारले.

"ती नगण्य मानली आहे."

आईने परात माझ्यापुढे सरकवली. "मग ह्या राहिलेल्या तूच साफ कर."