‘ब्लॉक नसा उघडणारा’ काढा: मेसेजमधला एकेक दावा आणि धमनीच्या भिंतीत खरं काय घडतं

लिंबाचा रस, आल्याचा रस, लसणाचा रस आणि ॲपल सायडर व्हिनेगर, प्रत्येकी एक कप. मंद आचेवर अर्धा तास उकळून चार कपांचे तीन कप करायचे, गार झाल्यावर तीन कप मध मिसळायचा आणि रोज सकाळी उपाशीपोटी एक मोठा चमचा घ्यायचा. महिनाभरात हृदयाच्या ब्लॉक झालेल्या नसा उघडतात, अँजिओप्लास्टी नको, बायपास नको, असा हा मेसेज कित्येक वर्षं घरोघरच्या ग्रुपांवर फिरतो आहे.

लोक काढा घेण्यापुरते थांबत असते तर एवढं लिहावं लागलं नसतं. पण मेसेजवर विसंबून काही जण चालू गोळ्या बंद करतात, ठरलेली अँजिओग्राफी पुढे ढकलतात. म्हणून त्यातले दावे एकेक करून पाहू.

‘शरीरात एक लाख किलोमीटर लांबीच्या नसा आहेत’

हा आकडा डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांच्या सुमारे १०० वर्षांपूर्वीच्या हिशेबातून आला आहे. त्यांनी ५० किलो स्नायू असलेला माणूस धरला होता आणि स्नायूच्या दर चौरस मिलिमीटरला २००० केशवाहिन्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्या. सामान्य माणसाच्या अंगावर याच्या निम्म्याच्या आसपास स्नायू असतात आणि केशवाहिन्याही इतक्या दाट नसतात. अलीकडच्या फेरहिशेबात हा आकडा ९ ते १९ हजार किलोमीटरपर्यंत खाली आला. काढ्याशी याचा संबंध नाही, पण मेसेजची सुरुवातच इथून होते.

‘नस म्हणजे नळ, त्यात चरबीचा गाळ साचतो’

सगळा मेसेज या एका कल्पनेवर उभा आहे आणि ती चुकीची आहे.

हृदयाला रक्त पुरवणारी कोरोनरी धमनी साधारण ३ ते ४ मिलिमीटर व्यासाची असते. तिच्या भिंतीला तीन थर असतात. सगळ्यात आत, रक्ताला लागून, एंडोथेलियम नावाचा पेशींचा एकच पापुद्रा. मधल्या थरात गोलाकार मांडलेले अनैच्छिक स्नायू आणि लवचीक तंतूंचे पडदे. बाहेरच्या थरात कोलॅजेनचे चिवट धागे आणि मज्जातंतू. मोठ्या धमन्यांत तर भिंतीलाच रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही असतात. ही भिंत जिवंत आहे. एंडोथेलियम सतत नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. त्याने मधल्या थरातले स्नायू सैल पडतात, धमनी रुंदावते आणि प्लेटलेट (गुठळी बनवणारे रक्तातले कण) भिंतीला चिकटत नाहीत. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

आता ब्लॉकेज कुठे तयार होतं ते पाहा. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा कण जेमतेम २० ते २५ नॅनोमीटरचा. तो एंडोथेलियम ओलांडून भिंतीच्या आत शिरतो आणि तिथे अडकतो. त्याचं ऑक्सिडीकरण झालं की पांढऱ्या पेशी त्याला गिळायला भिंतीत येतात, चरबीने फुगतात आणि तिथेच मरतात. मधल्या थरातले स्नायू आतल्या बाजूला सरकतात, त्यावर तंतूंचं आवरण धरतं, पुढे कॅल्शियम जमतं. याला प्लाक म्हणतात. तो एंडोथेलियमच्या खाली, भिंतीच्या पोटात असतो. वाहत्या रक्ताला तो धुता येत नाही, कारण रक्त आणि प्लाक यांच्यामध्ये पेशींचा थर आणि तंतूंचं आवरण असतं.

गाळाची कल्पना खरी असती तर आणखी एक गोष्ट घडली असती. तेच रक्त, त्याच कोलेस्टेरॉलसह, शिरांमधूनही (हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांतून) वाहतं, आणि तेही अधिक संथ. गाळ आधी तिथे साचायला हवा होता. पण शिरांत प्लाक होत नाही. धमन्यांतही तो वाटेल तिथे होत नाही. फाटे फुटतात तिथे, वळणांवर, जिथे रक्ताचा प्रवाह विस्कळीत होतो तिथे होतो. डाव्या कोरोनरीचा पुढे उतरणारा फाटा सुरू होतो ती जागा, मानेतली कॅरोटिड धमनी दुभंगते ती जागा, पोटातल्या महाधमनीचा खालचा भाग.

बायपासने तर याचा जणू प्रयोगच करून दाखवला आहे. पायातली शिर काढून हृदयावर जोडली की तिला धमनीचा दाब सोसावा लागतो, आणि आयुष्यभर स्वच्छ राहिलेल्या त्या शिरेत प्लाक होऊ लागतो. दहा वर्षांत अशा जोडण्यांपैकी जवळपास निम्म्या बंद पडतात. छातीच्या आतल्या बाजूची मॅमरी धमनी जोडली तर दहा वर्षांनीही १० पैकी ९ चालू असतात. माणूस तोच, रक्त तेच, फरक भिंतीचा.

हा आजार सुरूही फार लवकर होतो. कोरियन युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय २२ वर्षं, आणि ७७ टक्के जणांच्या कोरोनरी धमन्यांत आजाराच्या खुणा होत्या.

‘जेवढं ब्लॉकेज जास्त, तेवढा झटका जवळ’

सुरुवातीला प्लाक वाढतो तशी धमनी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट तेवढीच राहते. भिंतीच्या आतल्या क्षेत्रफळापैकी साधारण ४० टक्के प्लाकने व्यापेपर्यंत वाट अरुंद होत नाही, हे १९८७ साली ग्लागोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. अँजिओग्राफीत फक्त वाट दिसते, भिंत दिसत नाही. म्हणून ‘नॉर्मल’ रिपोर्टमागेही भिंतीत आजार असू शकतो.

वाट अरुंद झाली तरी पुढच्या बारीक धमन्या रुंदावून विश्रांतीच्या वेळचा पुरवठा सांभाळतात. साधारण ७० टक्के अडथळा झाला की ही राखीव क्षमता जिना चढताना पुरत नाही आणि छातीत दाब जाणवतो. झटका मात्र बहुधा वेगळ्या कारणाने येतो. प्लाकवरचं आवरण पातळ असेल, ६५ मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी, तर ते फाटतं, आतला ऐवज रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी होऊन वाट बंद होते. ४० टक्के अडथळ्याचा प्लाकही असा फाटू शकतो. म्हणून कालपर्यंत टेकडी चढणाऱ्या माणसाला आज झटका येतो.

‘लिंबू-व्हिनेगरचं आम्ल चरबी विरघळवतं’

व्हिनेगरचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) अडीच-तीनच्या आसपास, लिंबाचा त्याहून थोडा कमी. जठरातलं आम्ल मुळातच तितकंच किंवा जास्त तीव्र असतं. तिथून पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचं बायकार्बोनेट ते आम्ल निष्प्रभ करतं. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या पट्ट्यात राहतो आणि फुप्फुसं व मूत्रपिंडं तो तिथेच धरून ठेवतात. तो ६.८ पर्यंत उतरला तर जीव वाचणं कठीण. काढ्यातलं आम्ल आम्ल म्हणून धमनीपर्यंत पोचतच नाही.

‘लसूण रक्त पातळ करतो’

यात थोडं तथ्य आहे. काही अभ्यासांत लसणाने रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल किंचित उतरलेलं दिसलं, प्लेटलेट चिकटण्यावरही थोडा परिणाम आढळला. पण लसूण चेचल्यावर तयार होणारं ॲलिसिन उष्णतेने मोडतं. अर्धा तास उकळलेल्या रसात ते फारसं उरत नाही. आणि प्लेटलेट कमी चिकटणं म्हणजे भिंतीतला प्लाक निघणं नव्हे.

‘महिन्याभरात ब्लॉकेज साफ’

प्लाक कमी होतो का, हे धमनीच्या आत अल्ट्रासाउंडची तार घालून मोजता येतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्टरॉइड’ चाचणीत रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीची ४० मिलिग्रॅम ही सर्वांत मोठी मात्रा २४ महिने दिली. एलडीएल सरासरी ६१ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या आसपास आलं. धमनीतलं प्लाकचं प्रमाण किती घटलं? सुमारे १ टक्का. दोन वर्षांत.

मग त्या गोळीचा उपयोग काय? चरबीचा साठा आणि दाह कमी होतो, आवरण जाड व घट्ट होतं, फाटण्याची शक्यता घटते. आकार जवळजवळ तेवढाच राहिला तरी झटके कमी होतात. झटका येऊन गेलेल्यांसाठी एलडीएल ७० च्या, बहुतेकांसाठी ५५ च्या खाली ठेवायला सांगतात ते यासाठीच.

‘अमक्याची बायपास टळली, त्याला आराम पडला’

आराम पडला असेल, पण तेवढ्यावर काही सिद्ध होत नाही. २०१७ च्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत २०० रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) बसवला, उरलेल्यांना फक्त तशी प्रक्रिया केल्यासारखं केलं. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन्ही गटांत खात्रीलायक फरक नव्हता. म्हणजे उपचार झाला या समजुतीनेही आराम पडू शकतो.

इथे मेसेजमागच्या शंकेला न्याय द्यायला हवा. स्थिर आजारात प्रत्येक ब्लॉकेजला स्टेंट लागत नाही. ५,१७९ रुग्णांच्या ‘इस्किमिया’ चाचणीत चांगल्या औषधोपचाराला स्टेंट किंवा बायपासची जोड देऊन मृत्यू वा झटके कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र अधिक कमी झालं. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदयाची ताकद फार कमी झालेले रुग्ण त्या चाचणीत नव्हते. आणि मधुमेह असून अनेक धमन्यांत आजार असेल तर स्टेंटपेक्षा बायपासने आयुष्य वाढतं, हे २०१२ च्या ‘फ्रीडम’ चाचणीत दिसलं. म्हणून डॉक्टरांना जरूर विचारा: अडथळा नेमका कुठे आहे, हृदयाचं पंपिंग किती टक्के आहे, आधी औषधांवर थांबता येईल का? दुसरं मत घ्यायला काहीच हरकत नाही. त्या प्रश्नांचं उत्तर काढा नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही’

या मिश्रणात निम्मा मध आहे. मोठ्या चमच्यात ८ ते ९ ग्रॅम साखर, रोज, उपाशीपोटी. मधुमेह्याने ती हिशेबात धरायलाच हवी. आम्लाने दातांचं एनॅमल झिजतं, आम्लपित्त वाढतं. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांत लसूण-आल्याच्या दाट रसाने रक्तस्रावाची भीती असते.

खरा धोका मात्र काढ्यामुळे बंद झालेल्या गोळीत आहे. स्टेंटच्या धातूच्या काड्या साधारण ८० मायक्रॉन जाडीच्या. त्यांच्यावर एंडोथेलियमचा पापुद्रा चढायला काही महिने लागतात. तोपर्यंत उघड्या धातूवर प्लेटलेट चिकटू नयेत म्हणून ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर देतात. झटक्यानंतर साधारण १२ महिने. ती मध्येच सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन संपूर्ण धमनी एका क्षणात बंद होऊ शकते. दात काढायचा असला तरी ही गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

‘व्हेरिकोज व्हेन्सही बऱ्या होतात’

पायांच्या शिरा फुगण्याचा तो आजार शिरांमधल्या झडपांचा. उभं राहिल्यावर घोट्याजवळच्या शिरेत ८० ते ९० मिलिमीटर (पारा) दाब असतो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि झडपा ते परत येऊ देत नाहीत. झडप सैल झाली की शिर फुगते. तिथे चरबी नाहीच, मग विरघळणार काय?

‘छातीत दुखलं तर लगेच दोन चमचे घ्या’

काही मेसेजांत हेही असतं आणि हाच भाग सर्वांत घातक आहे. छातीत दाब, डावा हात किंवा जबड्यात कळ, घाम, दम. मधुमेह्यांत आणि स्त्रियांत कधी नुसताच थकवा व मळमळ. अशा वेळी रुग्णाला बसवा, चालवू नका, १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. घरात ७५ च्या गोळ्या असतील तर चार. चावायची यासाठी की आवरण असलेली गोळी अख्खी गिळली तर उशिरा शोषली जाते. सॉर्बिट्रेटची गोळी आधीपासून लिहून दिलेली असेल तरच, बसून, जिभेखाली. ती धमनीचे स्नायू सैल करते, गुठळी काढत नाही, आणि रक्तदाब कमी असेल तर आणखी पाडते. दवाखान्यात पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. धमनी पूर्ण बंद असेल तर अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत शक्य आहे का ते पाहतात. नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देतात. ते १२ तासांपर्यंत देता येतं, पण पहिल्या दोन-तीन तासांत वाचणारा हृदयाचा स्नायू नंतर वाचत नाही.