यादी चांगली आहे पण ॲटम काढा की त्यातून

वेबसाइट बनवायला शिकणाऱ्यांसाठी तुमच्या लेखात दिलेली सॉफ्टवेअरची यादी छान जमलीय, फक्त कोड लिहायच्या एडिटरच्या भागात ॲटम अजून कसा काय राहिला? तो बनवणाऱ्या गिटहब कंपनीने तो डिसेंबर २०२२ मध्येच बंद केला, नवीन पोरं उगाच डाउनलोड करत बसतील. व्हीएस कोड हा एडिटर फुकट आहे, त्यावर भागतं.

आणि फोटोशॉप पाहिजेच असं काही नाही हो, फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटोशॉपची पीएसडी फाइल पण उघडतं. फोटोच्या फाइलची साइज कमी करायला स्क्वूश ही वेबसाइट वापरा. आमच्याकडे नाशकात सिंहस्थामुळे पंचवटीतले लॉजवाले साइट करून मागतायत आणि प्रत्येकाला होमपेजवर गोदाघाटाचे मोठ्ठाले फोटो पाहिजेत, ते वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून टाकले की पेज बरंच हलकं होतं, नाहीतर घाटावरच्या गर्दीत मोबाइलवर ते उघडणार कधी? क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (साइट तपासायची साधनं) नेटवर्क टॅबला थ्रॉटलिंग, म्हणजे नेट मुद्दाम हळू करायची सोय असते, तिथे थ्रीजी लावून एकदा बघायचं म्हणजे कळतं, क्लायंटला पण तेच दाखवायचं, लगेच दोन फोटो कमी करायला तयार होतो 😄

मराठी साइटबद्दल लेखात काहीच नाही हे मात्र खटकलं. एचटीएमएल टॅगला लँगमध्ये एमआर (lang="mr", म्हणजे भाषा मराठी) टाका, फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. लाइन हाइट (ओळींमधलं अंतर) पण इंग्रजीपेक्षा जरा जास्त ठेवायची, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतात.

फॉन्ट मुक्ता घ्या, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे.